नऊ नंबरवर कोणीतरी आहे

१

धम्मानंदचा हात लागला की मशीन फार वेळ हट्ट धरत नसे. गांधीबागेत कापडाच्या एखाद्या दुकानात वरच्या मजल्यावर केलेलं बिल खालच्या काउंटरवर निघेनासं झालं, की त्याला फोन येई. तो जाई, टेबलाखाली शिरे, वायरी चाचपडे, आणि कोणाशी चार शब्द न बोलता बाहेर येई तोवर खालचा प्रिंटर खरखरायला लागलेला असे. माणसांशी बोलायची त्याला भीती वाटे. "कितवी शिकला गा?" असं कोणी विचारलं की "झालं थोडंसं" म्हणून तो पुन्हा टेबलाखाली जाई. चोविसावं वर्ष चालू होतं त्याला. शाळा नववीतच सुटली होती.

त्याच्या वस्तीतली अभ्यासिका विहाराच्या मागच्या बाजूला होती. एक जुना हॉल, आणि त्याच हॉलात प्लायवूडची भिंत घालून काढलेली कॉम्प्युटरची लांबट खोली. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले दहा कॉम्प्युटर बापूजींनी चिकाटीने मिळवले होते. बापूजी म्हणजे अभ्यासिकेच्या कमिटीचे अध्यक्ष, जन्मभर टपाल वाटलेला माणूस. दहातलं एक मशीन दाराजवळ ठेवलं होतं. ते मेन, धडे आणि प्रश्नपत्रिका सगळ्या त्याच्यात. बाकीची नऊ वायरने त्याला जोडलेली. मशीनना आपोआप नंबर मिळतील अशी सोय असते, पण धम्मानंदचा तिच्यावर भरवसा नव्हता. त्याने एकेका मशीनला हाताने नंबर दिला होता. जो खुर्चीचा नंबर तोच समोरच्या मशीनचा, म्हणजे घोळ नाही.

रविवारी अकरा वाजता सराव पेपर होता. शाळा मधेच सुटलेले नऊ जण यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होते, आणि कमिटीने नियम केला होता की जो सराव पेपर देईल त्याचाच फॉर्म सोमवारी जाईल. सोमवार मुदतीचा शेवटचा दिवस होता. पेपर मेन मशीनवरून सगळ्यांना एकदमच उघडे आणि एकदमच बंद होई. आठ जणांना आठ मशीन. नवव्या खुर्चीपुढे बापूजींनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: धम्मानंद.

शनिवारी दुपारी त्याने नऊ नंबर चालू केलं. पडद्यावर एक ओळ आली. हा नंबर नेटवर्कवरचा दुसरा कॉम्प्युटर वापरत आहे.

"काय गा धम्मा," दोन नंबरवरून पायल ओरडली, "साऱ्या गांधीबागेचे मशीन सुधरवते अन् तुहं सोताचंच नाही सुधरत?" पायल तिशीची, दोन मुलांची आई. आठवीत लग्न झालं तेव्हापासून राहिलेला अभ्यास ती आता हसत-खिदळत पुरा करत होती.

बापूजी दारात उभे होते. "होईल नं उद्यापर्यंत?"

"होते जी."

"पाह्य बापा. दोन सालापह्यले तुह्या गाडीची हवा गेली अन् पेपर हुकला. मांगच्या साली तू दुसऱ्याईच्या वायरी धरून बसला. औंदा काय?"

"औंदा काही नाही जी," धम्मानंद म्हणाला आणि टेबलाखाली शिरला.

२

पहिली शंका त्याने स्वतःवर घेतली. नंबर देताना आपलीच चूक झाली असेल. त्याने आठही मशीन तपासली. एक ते आठ जागच्या जागी होते. मेनचा शंभर. नऊ कोणाकडेच नव्हता.

मग त्याने आपल्या मशीनला नऊ सोडून दहा दिला. तीच ओळ आली. वीस दिला. तीच. चाळीस. शेवटी त्याने दोनशे तीन दिला, जो नंबर त्याने आजवर कोणत्याच मशीनला दिला नव्हता. ओळ आली, आणि ती वाचता वाचता त्याचं बोट थांबलं. ठीकचं बटण त्याने अजून दाबलंच नव्हतं.

"हँग झालं असेल," तो स्वतःशी म्हणाला. जुनं मशीन, जुनी सवय. त्याने पुन्हा नऊ दिला, मशीन बंद केलं, मागची विजेची वायरही काढली आणि मेनवर येऊन बसला.

अशा वेळची एक युक्ती असते. काळी खिडकी उघडून एखाद्या नंबरला हाक मारायची. तिथे मशीन चालू असेल तर ओळीखाली ओळ उत्तर येत राहतं. नसेल तर वेळ संपली असं येतं. ह्या धंद्यात त्याला पिंग म्हणतात. धम्मानंदने नऊला पिंग केलं. मशीन बंद होतं, तेव्हा वेळ संपली असंच यायला हवं होतं.

उत्तर आलं. त्याखाली दुसरं आलं, तिसरं आलं.

बाकीचे निघून गेले होते. पायल तेवढी दप्तर आवरत होती.

"ताई, जरा इथे बसता का? ह्या ओळी येऊन राहिल्या का बंद झाल्या, तेवढं सांगा."

ती बसली. धम्मानंद खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, नऊ नंबरच्या मागून नेटवर्कची केबल काढली आणि तिचं टोक मुठीत धरून उभा राहिला.

"येऊन राहिल्या?"

"हव."

"आता?"

"आताही. काहून, बंद व्हाले पाह्यजे होत्या का?"

"नीट पाहा नं ताई."

"माह्या डोळ्याले चष्मा नाही लागला अजून. येऊन राहिल्या म्हणते नं." मग ती पडद्याशी वाकली. "पण एक गोष्ट हाय गा. पह्यले भराभर येत होत्या. आता हळू झाल्या. माणूस विचार करू करू बोलते, तशा."

धम्मानंदने मुठीतल्या टोकाकडे पाहिलं. नखाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, आत आठ तारा. तो कशातही घातलेला नव्हता.

तो दाराकडे आला. तिथे भिंतीवर स्विचची पेटी होती, जिच्यात सगळ्या केबल येऊन मिळत. तिथून त्याने नऊची केबल उपटली. ओळी थांबल्या. परत लावली. क्षणभर काही झालं नाही, आणि मग पुन्हा एक ओळ आली, जणू कोणी मान वर करून पाहिलं.

पायल उठली. ह्या वेळी ती हसली नाही. "चालली मी. पोट्टे वाट पाहून राहिले असतीन." दारातून मात्र ती वळली. "उद्या येजो. मशीन बिघडलं म्हणून घरी नोको बसजो."

३

उत्तर देणारं जे काही होतं ते पेटी आणि टेबल यांच्या मधे होतं. मधे होती चाळीस फूट केबल, आणि ती जुन्या हॉलातून गेली होती. गेल्याच महिन्यात धम्मानंदने प्लायवूडला दोन भोकं पाडून ती तिथून नेली होती, कारण इकडच्या बाजूने मधे दार येत होतं.

हॉल वर्षभर बंद होता. उन्हाळ्यातल्या वादळाने छपराच्या दोन टिना उडवल्या तेव्हापासून तिथे कोणी बसत नसे. किल्ली शोभाताईंकडे असे. त्या विहार आणि अभ्यासिका झाडत. साठीच्या, ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"उंदीर असतीन," धम्मानंद म्हणाला. "केबल कुरतडली असन. पाहून घेतो."

"पाह्य नं बाबू," शोभाताई म्हणाल्या आणि कुलूप काढलं.

आत दुपारचं ऊन दोन जागी खाली पडलं होतं. लांब बाकं, त्यांच्यावर कबुतरांची घाण, भिंतीला जुना फळा. बाहेर रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा चालू होता. दार लोटलं तसा तो फार लांब गेला. धम्मानंद केबलवर बोटं फिरवत वाकून चालू लागला. कुठे कुरतडलेलं नव्हतं, सांधा नव्हता, पीळ नव्हता. जशी लावली तशी होती.

तिसऱ्या बाकाशी तो थांबला. सगळ्या बाकांवर बोट रुतेल एवढी धूळ होती. ह्या एकावर मात्र दोन गोल जागा स्वच्छ होत्या, एकमेकींपासून हातभर लांब. कोपरं टेकून बसलं की राहतात तशा. त्यांच्या मधे खोडरबराचा थोडा चुरा पडला होता.

"शोभाताई, इथे कोणी बसते का?"

"किल्ली तं माह्याच कमरेले असते."

"मग हे?"

"हे मी रोज पाह्यते." त्यांनी बाकाकडे पाहिलं, मांजर झोपलं आहे का पाहावं तसं. "तेवढ्या बाकाखाली मी झाडत नाही."

"काहून?"

"अभ्यास करणाऱ्याच्या पायाखालून झाडू फिरवू नाही."

धम्मानंद पुन्हा केबलवर वाकला. शोभाताईच बोलत राहिल्या. ह्या हॉलात पूर्वी वीस जागा होत्या आणि पोरं साठ. तीन पाळ्या लागत. पाळी संपली तरी कोणाचं गणित अर्धं असेल तर त्याला उठवायचं नाही, अशी बापूजींची रीत. पुढच्या पाळीचा मागे उभा राही. "पण उभा राहून राहून पाय दुखत नं बाबू. मंग उभा असलेला वाकून सांगे, अरे, हे असं कर. त्याचं गणित सुटे अन् ह्याले जागा भेटे. उठवलं कोणाले नाही. असं किती जणं पास झाले सांगू तुले!"

त्या जुडगा खुळखुळवत दाराकडे गेल्या. धम्मानंद त्यांच्या मागे निघाला. पाठ वळल्यावर त्याला आवाज आला. फार लहान आवाज. कागदावर रबर घासल्याचा. शोभाताईंनी तो ऐकला नसावा, किंवा ऐकून ऐकून सोडून दिला असावा.

४

पाच वाजायला आले होते. किल्ली त्याच्याजवळ ठेवून शोभाताई विहारात दिवाबत्तीला गेल्या.

धम्मानंद मेनसमोर बसला. हे सगळं सोडून घरी जावं, असं त्याला वाटलं. उद्या बापूजींना सांगता येईल, मशीन नाही झालं जी. ते खरंही असेल. कोणी दोष देणार नाही. गाडीची हवा गेली होती तेव्हाही ते खरंच होतं, फक्त सकाळी गाडीशी वाकून चाकाची झडप सैल कोणी केली ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

तो गेला नाही. नेटवर्कवर कोणकोणती मशीन दिसतात ती यादी त्याने उघडली. एक ते आठ, त्याने दिलेल्या नावांसह. आणि खाली एक, नाव नसलेलं. त्याच्यात एकच फोल्डर सर्वांसाठी खुलं ठेवलेलं होतं.

फोल्डरमध्ये फाइली होत्या. फार होत्या. दिवसाला एक. सर्वांत वरची आजची. त्याने ती उघडली.

३(x − ४) − २(x − ५) = ३

खाली कंस सोडवलेले होते, आणि दुसऱ्या कंसापाशी चूक होती. उणे दहा. शेवटी x बरोबर पंचवीस. त्याखाली लिहिलं होतं: पुस्तकाच्या मागे उत्तर पाच दिले आहे. मग पुन्हा तेच गणित पहिल्यापासून.

त्याने कालची उघडली. तेच गणित. परवाची. तेच गणित, तीच चूक, तेच पंचवीस. धम्मानंद यादीत खाली सरकत गेला. गेलं वर्ष, त्याच्या आधीचं, त्याच्या आधीचं. हे मशीन, ही केबल, काहीच नव्हतं तेव्हाच्या तारखा. यादी एका ठरावीक वर्षाच्या जवळ यायला लागली तसा त्याने हात उचलला. त्या वर्षी हेच गणित फळ्यावर लिहिलेलं होतं, त्याच्या हातात खडू होता आणि मागे सत्तेचाळीस मुलं हसत होती. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेला नव्हता.

त्याने आजची फाइल पुन्हा उघडली. एक ओळ वाढली होती.

प्लायवूडच्या पलीकडे रबर घासलं गेलं.

त्याला भीती वाटत होती. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याला ओळखीची वाटली. टेबलाखाली शिरल्यावर, वायर हातात आल्यावर वाटतं ते. हे मला येतं.

कारण ते त्याला आता येत होतं. गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर एका बाईंचा धडा अकरा वेळा पाहून ते त्याला समजलं होतं. त्याने चुकीच्या ओळीखाली टाइप केलं. एका एका अक्षराला बोट शोधत.

कंसाच्या बाहेर उणे आहे. आत पण उणे पाच. उणे गुणिले उणे, अधिक. म्हणून अधिक दहा.

थोडं थांबून त्याने आणखी एक ओळ लिहिली, जी त्याला कोणी सांगितली नव्हती.

हे खूप जणांचं चुकते.

त्याने फाइल जतन केली आणि हात मांडीवर ठेवून बसला. कोणाच्या तरी खुर्चीमागे उभं राहावं तसा. भंगारवाला आता दुसऱ्या गल्लीत गेला होता. पंखा फिरत होता. काही झालं नाही. त्याने फाइल बंद करून उघडली. काही नाही. पुन्हा उघडली.

x = ५

पलीकडे बाक सरकलं.

केबलसाठी पाडलेलं भोक पेटीच्या खालीच होतं, बोटभर रुंद. आपण वाकतो आहोत हे धम्मानंदला कळलं तेव्हा त्याचा डोळा भोकाला लागला होता. तिसरं बाक दिसलं. ऊन त्याच्यावर तिरपं आलं होतं. उन्हात एक हात होता. पेन्सिल मधलं बोट आणि अनामिका यांच्या मधे धरलेली. अशी चुकीची धरतो म्हणून धम्मानंदच्या बोटांवर पट्टी बसायची. त्या बाकावर कॉम्प्युटर नव्हता, आणि पेन्सिलने लिहिलेलं इकडे कसं उमटत होतं, हे विचारायला त्याचं डोकं तयार नव्हतं. हाताने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, उत्तर संपल्याच्या. मग पालथ्या मुठीने रबराचा चुरा झाडला, अगदी सावकाश, दुसऱ्याला बसायला जागा करून द्यावी तसा.

उन्हात चुरा उडाला. तो खाली बसला तेव्हा तिथे नुसतं ऊन होतं.

त्याने दुसऱ्यांदा डोळा लावला नाही. काळ्या खिडकीत नऊला हाक मारली. वेळ संपली. पुन्हा मारली. वेळ संपली.

मग तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, विजेची वायर लावली, केबलचं टोक मशीनमध्ये घातलं. टक्कन आवाज आला, बरोबर बसल्यावर येतो तो. मशीन चालू झालं आणि कुठलीच ओळ आली नाही.

५

रविवारी अकराला नऊही खुर्च्या भरल्या होत्या. "आला नं गा," पायल म्हणाली, "मले वाटलं आज पुन्हा गाडीची हवा जाते." सगळे हसले. धम्मानंदही हसला, थोडा उशिरा.

पेपर उघडला. पहिला प्रश्न त्याला आला नाही. दुसरा अर्धा आला. तिसऱ्याला त्याने घाम पुसला. आपण उठून स्विच तपासावा, कोणाचं तरी बंद पडलं असेल, असं त्याला दोनदा वाटलं, आणि दोनदा त्याने खुर्चीचा काठ धरला. कोणाचंच बंद पडलं नव्हतं. दोन तास तो बसून राहिला. शेवटी मेनवर नऊ उत्तरपत्रिका आल्या, आणि बापूजींनी त्या तीनदा मोजल्या.

पास व्हायला पस्तीस लागत. एकेचाळीस पडले.

"लय नाही," बापूजी म्हणाले.

"नाही जी."

"पण हायत." त्यांनी फॉर्म पुढे ओढला, चष्मा पुसला. बाकीचे चहाचे ग्लास घेऊन भोवती उभे होते. "नाव लिहिलं. शेवटची शाळा कोणती, कितवीत सोडली, अन् कारण. मोठ्यानं सांग बापा, माह्या कानाचं तुले मालूम हाय."

 अशा वेळी तो नेहमी वाट पाही, की कोणीतरी मधे बोलेल, दुसरं काही विचारेल, आणि प्रश्न निघून जाईल. त्याने वाट पाहिली. कोणी बोललं नाही.

"नववीत सोडली जी," धम्मानंद म्हणाला. "गणित येत नव्हतं, अन् कोणाले विचाराची लाज वाटे."

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. शेवटच्या टेबलापर्यंत गेला. प्लायवूड काही जाड नव्हतं. पलीकडेही गेला असेल. पायलने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "बस? एवढंच? माह्यं तं अख्खं पान भरलं बापूजीनं."

पलीकडून काही आवाज आला नाही. धम्मानंदने थोडा वेळ कान दिला. मग त्याने पेन घेतलं, चुकीच्या दोन बोटांत धरलं आणि सही केली.